वर कोणी आहे का?

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि पालीला घाबरतो. अंगाने दाराएवढा माणूस, पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढून मला हाका मारतो. आई म्हणायची, "देवाने याला घडवताना गडबड केली. अंग हत्तीचं घातलं आणि काळीज सशाचं." असा माणूस लिफ्टच्या टपावर उभा राहून, खाली दहा मजल्यांचा अंधार असताना काम कसा करतो, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं.

त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "वरचा आहे ना." कामाला हात लावण्याआधी तो डोळे मिटून हात जोडायचा आणि म्हणायचा, "वरच्या, सांभाळ." मी चिडवलं की म्हणायचा, "मी भित्रा, म्हणून मला तो लागतो. तुझ्यासारख्या भांडकुदळ बाईला तोच घाबरत असेल." मीही हात जोडायचे, पण माझं आपलं कामापुरतं. दादा मात्र घरात कोणाशी बोलावं तसा त्याच्याशी बोलायचा.

लिफ्टवाल्यांच्या कामात एक हाक असते. लिफ्ट हलवण्याआधी आतल्या माणसाने तोंड वर करून ओरडायचं, "वर कोणी आहे का?" टपावर जोडीदार असला तर तो ओ देतो. ओ आली नाही तर जिना चढायचा, वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मगच बटण दाबायचं. "ओ न येणं हे उत्तर नव्हे," असं दादा नव्या कामगारांना दरडावून सांगायचा.

त्याच्या जोडीदाराला सगळे ठसका म्हणत. त्याचा खोकला थांबायचाच नाही. दादा म्हणायचा, "ठसक्याला हाक मारायची गरजच नाही, तो कुठे आहे ते सगळ्या इमारतीला कळतं." आणि खरोखरच हळूहळू त्याला त्या खोकल्याचीच सवय लागली.

मी ज्या इमारतीत चौकशीच्या टेबलावर बसते, तिथेच ते घडलं. दुपारची वेळ होती. ठसका टपावर चढून लोखंडी पट्ट्यांना ग्रीस लावत होता आणि दादा खाली दुकानातून वायर घेऊन आला होता. तो लिफ्टमध्ये शिरला आणि ओरडला, "वर कोणी आहे का?" ओ आली नाही, खोकलाही ऐकू आला नाही. ठसका चहाला गेला असेल, असं त्याने धरलं. जिना चढण्याऐवजी त्याने हात जोडले, "वरच्या, सांभाळ" म्हटलं आणि बटण दाबलं.

लिफ्ट सरकली आणि ठसक्याची किंकाळी माझ्या टेबलापर्यंत आली. दादाने तिथल्या तिथे लिफ्ट थांबवली, म्हणून भिंतीतून पुढे आलेल्या तुळईखाली ठसक्याचा फक्त खांदा चेचला. डोकं वीतभर अंतराने वाचलं. मागाहून कळलं की डॉक्टरने नवं औषध दिलं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा खोकला थांबला होता. टपावरच्या पंख्याच्या घरघरीत त्याला हाक ऐकू गेली नाही. टपावरचं लाल बटण दाबायचं त्याच्याकडूनही राहिलं होतं. ते दाबलं असतं तर लिफ्ट जागची हललीच नसती.

दवाखान्यात ठसक्याच्या बायकोने दादाचे हात हातात घेतले. "भावोजी, रडू नका. वरच्यानेच वाचवलं." दादाने हात सोडवून घेतले. बाहेर बाकावर बसल्यावर त्याने मला विचारलं, "तुला एक सांगू? आईला सांगू नकोस."

"सांग."

"मी विचारलं, वर कोणी आहे का. काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, कोणी नाही. लगेच हात जोडून दुसऱ्याशी बोललो. तिथूनही काही ऐकू आलं नाही. तिथे मी म्हटलं, आहे." तो माझ्याकडे बघायला लागला. "दोन्हीकडे सारखंच होतं गं. मग मी असं का धरलं?"

मला राग आला. असल्या वेळी असलं बोलतात का? "गप बस," मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर नाहीये तुझं." पण खरं म्हणजे मी घाबरले होते.

त्यानंतर त्याने हात जोडणं सोडलं. आईला वाटलं, धक्का बसलाय, निवळेल. तो सुट्टी घेऊन घरात बसून राहिला, जेवताना घास हातातच राहायचा. लिफ्टशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि लिफ्टजवळ जायचं म्हटलं की ओठ पांढरे पडायचे. शेवटी मीच विनवलं, "दादा, एकदा हात जोड आणि कामाला जा. जोडले तर काय जातं?"

"भीती वाटते," तो म्हणाला.

"कशाची?"

"जोडले तर तिथे कोणी नसेल याची. आणि नाही जोडले तर असेल याची."

 

तो कामावर परतला तो आमच्याच इमारतीत, त्याच लिफ्टवर. दुसरा जोडीदार अजून मिळाला नव्हता. लिफ्टमध्ये उभा राहून त्याने हाक दिली. ओ आली नाही. तो जिना चढून गेला, बघून आला, पुन्हा हाक दिली, पुन्हा चढून गेला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. चौथ्या वेळी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. तू चल."

त्याने वरच्या मजल्याचं दार उघडून दिलं, समोर आडवी दांडी लावली आणि मला तिच्या मागे उभं केलं. "बॅटरी मारून टप बघ. काय दिसतं ते ओरडून सांग आणि दार सोड, ते आपोआप लागतं." मग तो खाली गेला.

थंड वारा अंगावर आला. ग्रीसचा वास, लोंबणारे दोर आणि मोकळा टप. खालून त्याची हाक आली, बारीक, लहानपणी पाल दिसल्यावर यायची तशी. "वर कोणी आहे का?"

मी पुन्हा एकदा सगळीकडे बॅटरी फिरवली आणि ओरडले, "नाही. वर कोणी नाही."

माझाच आवाज भिंतींना आपटत खाली गेला आणि परत वर आला. खालून दादा म्हणाला, "ठीक," मी दार सोडलं आणि लिफ्ट व्यवस्थित वर आली. तो बाहेर पडला आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. त्याने हात जोडले नव्हते आणि काहीही झालं नव्हतं.

मी टेबलावर परतले. सवयीने मांडीवर हात जोडले आणि मनात म्हटलं, वरच्या, माझ्या दादाला सांभाळ. एरवी एवढं म्हणून मी लगेच कामाला लागते. त्या दिवशी हात तसेच ठेवून ओ येण्याची वाट बघत बसले.