नरुकाकांचा पाचवा

नरुकाका गेले हे बाळूदादानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पेणच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "काका गेले गो. सकाळी चहा घेतला नि बसल्या जागी..." एवढंच तो बोलला. मागे त्याच्या मिनीडोर रिक्षाचं इंजिन चालूच होतं. मी म्हणाले, "बरं." ...बरं! दीड महिन्यापूर्वी मी या माणसाचा चारचौघांत अपमान केला होता. एवढं पत्रक झालं की रोह्याजवळ वरसेला त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची, असं रोज ठरवत होते. पत्रकं संपत नाहीत. माणसं संपतात.

पेपरात चार ओळी आल्या. कंपनीतून निवृत्त, मनमिळाऊ स्वभाव, संगीताची आवड. 'आवड' म्हणे! या माणसानं रोह्यासारख्या गावात तीस वर्षं एक गोष्ट जिवंत ठेवली आणि आपण तिला आवड म्हणून मोकळे झालो. काका मूळचे पेणच्या खाडीकडचे. लहानपण मिठागरात गेलं. मिठाच्या पाट्या उचलताना बाप्ये लोक एका दमात आवाज द्यायचे, एकाचा वर, बाकीच्यांचा खाली, तो काकांच्या कानात बसलेला. पुढे रोह्याला कंपनीत लागले. तिथे शिफ्टमधल्या एका केरळी मित्रानं त्यांना एक कॅसेट दिली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची जुनी गाणी, चार गळे आणि वाद्य एकही नाही. ती माणसं देवळात गायची, केस कापायच्या दुकानात गायची, रस्त्याच्या कोपऱ्यावर गायची. वाद्यं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एकानं घशाचाच ढोल केला, दुसऱ्यानं तोंडाची तुतारी. पुढे त्यातूनच डू-वॉप नावाचा प्रकार निघाला नि जगभर वाजला. काकांना त्या नावाशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, "आमच्या मिठागरातलीच माणसं ती. फक्त बोटीनं दुसरीकडं नेलेली."

आम्ही चौघं होतो. सगळ्यात वरचा आवाज सुलभाताईंचा. त्या पेणला गणपतीचे डोळे रंगवतात, श्वास रोखायची सवय तिथली. त्याखाली मी, माझ्याखाली बाळूदादा, आणि तळाला काका. "दुम्-दुम्, दुबा-दुम्." शब्द आम्ही गायचे, काकांच्या वाट्याला फक्त हे. तालीम वरसेच्या टोकाला, भाताच्या एका रिकाम्या गोदामात. आत दिवा नाही, पंखा नाही, पण आवाज दिलात की पत्र्यावरून परत यायचा. "जिथं आवाज माघारी येतो तिथंच गायचं," हा काकांचा नियम. भिंतीला लागून बाहेर विजेची डीपी होती आणि ती सतत घुमायची. काका भिंतीवर उजवा तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि त्या घुमण्यावर आपला सूर लावायचे. मग आम्ही त्यांच्यावर. मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, म्हणून मंगळवारी तालीम नाही. "लाईट गेली की सूर गेला," असं ते म्हणायचे. भिंतीच्या चुन्यावर त्यांच्या तळव्याचा तेलकट काळसर ठसा उमटला होता. पाच बोटं मोजता येतील इतका स्पष्ट.

आणि पाचवा. चौघांचे सूर अगदी नेमके जुळले की वरच्या पत्र्याशी आणखी एक आवाज उमटायचा. बारीक, चमकता, आमच्यापैकी कुणाचाच नसलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी. लगेच वाचून काढलं आणि काकांना सुनावलं की हे ध्वनिशास्त्र आहे, सूर एकमेकांत मिसळले की न गायलेला स्वर ऐकू येतो. ते हसले. "शास्त्र तुझं, पाचवा माझा." प्रत्येक गाण्यानंतर ते विचारायचे, "आला का?" नसला आला की बाळूदादाचं ठरलेलं, "आपला पाचवा जाम लेट हाय. माझ्याच गाडीनं येतो वाटतं."

आता माझी चूक. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलंय, वर्षानुवर्षं अर्ज देऊन कुणी ढुंकून पाहत नाही, म्हणून वडखळ नाक्यावर आमची सभा होती. लाऊडस्पीकरची परवानगी नाकारली. ठीक आहे म्हटलं, गळे तर आहेत! मी गाणं लिहिलं आणि काकांच्या 'दुम्-दुम्'च्या जागी 'बांध बांधा, बांध बांधा' घातलं. सभेच्या जागीच काका दोनदा म्हणून बघून थांबले. "नाय गो बसत. खालचा आवाज काय मागत नाय. तो नुसता उभा ऱ्हातो. त्याच्यावर तुम्ही मागा." माझा पारा चढला. सभेला जमलेल्यांच्या देखत मी म्हणाले, "काका, अर्थ नसलेलं बरळायला लोक आपलं काम टाकून आलेले नाहीत!" त्यांच्याच गावाकडची माणसं समोर बसली होती. कुणीतरी हसलं. काकांनी मान डोलावली आणि 'बांध बांधा' गायले, एक मात्राही न चुकता. पाचवा आला नाही. गाणं संपल्यावर त्यांनी "आला का?" विचारलंही नाही. त्यानंतर ते तालमीला आले नाहीत.

तेराव्यानंतर काकी म्हणाल्या, "आयुष्यभर पाचवा-पाचवा करीत होते. मला कधी नेलं नाय. तुम्ही तिघं एकदा ऐकवाल?" मी सांगितलं की काकी, चौथ्याशिवाय पाचवा कुठून येणार? त्या म्हणाल्या, "मग चौथ्याचं कोणतरी म्हणा." माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

भर दुपारी दोनला गोदामात गेलो. काकी दारापाशी एका पोत्यावर बसल्या. सुलभाताई आणि बाळूदादा आपापल्या जागी उभे राहिले. मी माझी जागा सोडून काकांच्या जागी गेले आणि त्या ठशावर तळवा ठेवला. माझी बोटं त्यात तोकडी पडली. भिंत घुमत होती. हाताच्या हाडात शिरेल इतकी. सूर सापडला आणि मी, घोषणा लिहिणारी, जमेल तितक्या खाली जाऊन म्हणू लागले, "दुम्-दुम्, दुबा-दुम्." माझा आवाज काय, काकांच्या गुडघ्यापर्यंत पोचेल एवढाच. पण दुसऱ्या कडव्यात माझ्या खाली काहीतरी आलं. जड, सावकाश, माझ्याच बोलांवर. बाळूदादाचा चेहरा पांढरा पडला, तरी त्यानं गाणं सोडलं नाही. सुलभाताईंनी डोळे घट्ट मिटले. मग पत्र्याशी पाचवा उमटला, इतका लख्ख की तसा मी आधी कधीच ऐकला नव्हता. गाणं संपलं. काकीच म्हणाल्या, "आला गो." कोण, ते मी विचारलं नाही.

बाहेर टपरीवर चहा सांगितला. काकींना थंड पाणी हवं होतं. टपरीवाला म्हणाला, "थंड कुठलं ताई? सकाळी नऊपासून लाईट नाय. मंगळवार ना आज." आम्ही तिघांनी डीपीकडं बघितलं. ती गप्प होती. बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात वार आला नव्हता.

मी हे चमत्कार म्हणून लिहीत नाही. उद्या कुणी त्या गोदामात नारळ फोडायला लागलं, तर त्याच्याविरुद्ध पहिलं पत्रक माझं असेल. दुःखात कान फसतात, हात फसतात, हे मला ठाऊक आहे. चौघांचे एकदम कसे फसले, ते मला ठाऊक नाही... आणि ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणून मी छापणार नाही.

पुढच्या मंगळवारी दोन वाजता मी एकटीच गेले. डीपी बंद असल्याची आधी खात्री केली. ठशावर तळवा ठेवला, भिंतीला कान लावला. काही नाही. चुना गार होता. मी म्हणाले, "काका, वडखळला परत सभा आहे. खाली तुमचंच म्हणणार आहे. माझं चुकलं." भिंतीनं काही मागितलं नाही. ती नुसती उभी होती.