आंब्याची फोड आणि नवी कादंबरी

आमच्या वाचनालयात नव्या पुस्तकांचं एक काचेचं कपाट आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर ऐका. या कपाटावरून गेल्या मे महिन्यात रत्नागिरीत जी लढाई झाली, तशी लढाई गलबतांचा जमाना संपल्यापासून या किनाऱ्याने पाहिलेली नाही. आणि ती मी जिंकली. एकट्याने जिंकली असं लिहिणार होतो, पण हे बायको वाचणार आहे.

माझ्या शब्दाला गावात थोडी सूट धरायची पद्धत आहे. मी शंभर म्हटलं की लोक पन्नास समजतात, म्हणून मला दोनशे म्हणावं लागतं. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा चिपळूणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी रोज गोष्ट सांगायचो. एकदा बस गेटात लागली, आतली पाळी सुटून बाहेर आली, तरी आमची पाळी बसमधून उतरायला तयार नाही. शेवटी सुपरवायझर आम्हाला उतरवायला वर चढला आणि तोही पायरीवर बसला. निवृत्त होऊन घरी आलो. हापूसची थोडी कलमं आहेत. मे महिन्यात भाट्याच्या रस्त्याला ताडपत्री ताणून आंबे विकतो आणि बाकीचं वर्ष वाचतो.

वाचतो म्हणजे नवं वाचतो. आत्ता लिहिलेलं. ज्यातल्या माणसांचा मोबाईल ऐन वेळी बंद पडतो, ज्यातली सून माजघरात लॅपटॉप उघडून बसते आणि सासूला कळत नाही की ही काम करतेय की आराम. असली पुस्तकं त्या काचेच्या कपाटात यायची. वरच्या खणांत कादंबऱ्या आणि कथा, खालच्या खणांत आत्मकथनं आणि माहितीची पुस्तकं. ती निवडायच्या आमच्या ग्रंथपाल बाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या. रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं कापून ठेवतील, प्रकाशकांना फोन लावतील, चार ठिकाणी चौकशी करतील. घरच्या मुलीसाठी स्थळ बघावं तसं पुस्तक निवडायच्या.

आणि न्यायला कोणी नाही. लोक यायचे, कपाटावरून सरळ वर्तमानपत्राच्या टेबलाकडे जायचे, राशिभविष्य बघून घरी. काचेवर एवढी धूळ बसली होती की पेरणी केली असती तर पावटा उगवला असता.

एप्रिलच्या कार्यकारिणीच्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी विषय काढला. ते निवृत्त अभियंता, माणूस सरळ, फक्त जगातली प्रत्येक वस्तू ते टेपने मोजून बघतात. म्हणाले, कपाट गेलं की तिथे टेबलं बसतात आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागा होते. मोठी माणसं आता वाचत नाहीत, तेव्हा नवी खरेदी बंद, आहेत ती पुस्तकं बांधून माळ्यावर. मे अखेरच्या वार्षिक सभेत ठराव करून टाकू. मुलांनी अभ्यास करावा याला माझी हरकत कशी असेल. पण मी विचारलं की ही मुलं पास होऊन नोकरीला लागली आणि रविवारी घरी बसली, की मग वाचणार काय. यावर अध्यक्षांनी टेप गुंडाळून खिशात घातली.

बैठक संपली. कुलूप लावताना बाई मला म्हणाल्या, "काका, नवीन यायचंच थांबलं तर मी इथे कशाला? जुन्यांच्या सोबतीला वाळवी पुरेशी आहे." हसून म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं. चिपळूणला त्यांच्या भावाचं औषधांचं दुकान आहे, तो कधीचा बोलावत होता. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा, हे त्यांनी ठरवलेलं होतं. नवं पुस्तक हातात आल्यावर ज्याचा चेहरा उजळतो असं या गावात एकच माणूस, आणि तेही आता तापाच्या गोळ्यांची पाकिटं कापायला जाणार.

मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या घरी गेलो आणि म्हटलं, सभेच्या दिवशी कपाट रिकामं करून दाखवलं तर?

"वाचकांनी नेऊन रिकामं झालं तर कपाट राहील, खरेदीही राहील," ते म्हणाले. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनी माझं बोलणं आधीच निम्मं केलंय.

झालं. बाईंच्या परवानगीने मी एकेक खण पुस्तकं आंब्यांच्या शेजारी मांडायला लागलो. संध्याकाळी त्या स्वतः ताडपत्रीखाली येऊन नावं लिहून घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी एका परिचारिकेचं आत्मकथन घेतलं आणि जमलेल्या लोकांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काय सांगितलं म्हणून सांगू! ओहोटी लागायची वेळ झाली होती, पण पाणी मागे सरेना. शेजारचा शहाळीवाला पुस्तक घरी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आला.

"काका, यात मगर कुठंय?"

"कसली मगर?"

"तुम्ही सांगितलीत ती. नर्सबाई रात्रीची होडीतून निघते आणि मगर वल्हं धरते. मी दोनदा वाचलं. बाई होडीत बसते आणि उतरते."

म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत असेल. पण तो काही दुसरं पुस्तक घेईना. बाकीच्यांचं तर वेगळंच. यायचे, बसायचे, गोष्ट ऐकायचे, "मजा आली हो" म्हणून उठायचे. आठवडा गेला तरी कपाट भरलेलंच. बाईंनी एका संध्याकाळी न लिहिलेलं पेन परत पर्समध्ये टाकलं, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

बायको पेटीत पेंढा अंथरत होती. वर न बघता तिने विचारलं, "गिऱ्हाईकाला आंबा कसा दाखवता?"

"फोड कापून."

"अख्खा कापून भरवता?"

"मग पेटी कोण घेईल?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि आंबे लावू लागली.

तीस वर्षांहून जास्त संसार झालाय आमचा, पण अशी बेअब्रू कधी झाली नव्हती. आणि एवढा फायदाही कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक नवीकोरी, जाडजूड कादंबरी उचलली. मीही ती वाचली नव्हती. ठरवलं की पहिली काही पानं छापली आहेत तशी वाचायची. पदरचा एक शब्द घालायचा नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं अवघड काम केलेलं नाही, पावलोपावली मगर जिभेवर येत होती. गोष्ट अशी, की वडील वारलेत, बागायत आहे, आणि भावाला बहिणीची हक्कसोडीवर सही हवी आहे. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी खुशीने सोडते, असा तो कागद. कोकणात तो कागद माहीत नाही असं घर दाखवा. भाऊ चहाचा कप पुढे करतो, कपाच्या बाजूला कागद, कागदावर पेन. बहीण पेन उचलते, टोपण काढते, आणि विचारते...

इथे मी पुस्तक मिटलं.

समोर पुलापलीकडच्या राजिवड्याचे चाचा बसले होते. कतारला उमेदीची वर्षं काढून आलेले, शब्दाला कडक. त्यांच्या हातात आंब्याची फोड तशीच, रस कोपरापर्यंत आलेला.

"पुढे?"

"पुढे पुस्तकात, चाचा."

"काय विचारते ती?"

"फोड दिली ना तुम्हाला. आता पेटी न्या."

चाचांनी हात लुंगीला पुसला, कादंबरी माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि आंबे घ्यायचे विसरून चालते झाले. बहीण काय विचारते हे मलाही वाचायचं होतं, पण पुस्तक पूल ओलांडून गेलं होतं.

त्यानंतर जे झालं ते सांगितलं तर तुम्ही निम्मं कराल, म्हणून दुप्पट सांगतो. भाट्याच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली. मुंबईहून आलेले चाकरमानी समुद्राकडे पाठ करून उभे. एका डॉक्टरांचं झोपेवर पुस्तक होतं. झोप का येत नाही तेवढं मी वाचायचो, आणि उपाय सुरू होतो त्या पानावर बोट ठेवून थांबायचो. एका लॉजवाल्याने ते पळवलं. वादळं समुद्रावर कशी जन्माला येतात यावरचं पुस्तक एका खलाशाने नेलं, पाठोपाठ त्याच लाँचवरचा दुसरा आला आणि त्याच पुस्तकासाठी माझ्याशी भांडला. बाईंचं पेन आता पर्समध्ये जाईना. एका कादंबरीमागे इतकी नावं लागली की कोण कोणाच्या मागे, यावरून रस्त्यात हमरीतुमरी. हक्कसोडीची कादंबरी तर वाचनालयात परत आलीच नाही. चाचांकडून त्यांच्या बेगमकडे, तिथून बुद्धविहाराजवळच्या निवृत्त गुरुजींकडे, गुरुजींकडून आणखी कुठे. बाई फोन करायच्या, उत्तर यायचं, "आत्ताच पुढे गेली."

सभेचा दिवस आला. कपाट रिकामं. काच लख्ख पुसलेली, आत नुसत्या फळ्या.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, कपाटातलं प्रत्येक पुस्तक वाचकांनी नेलंय. साधं, सरळ, बिनमसाल्याचं वाक्य. सभागृहाने सवयीप्रमाणे ते निम्मं केलं. कोणीतरी खोकलं. अध्यक्ष हसून म्हणाले, काका, वहीत नावं काय कोणीही लिहील, पुस्तकं तुमच्या आंब्याच्या पेट्यांत नाहीत कशावरून? हशा पिकला. बाई मात्र मान खाली घालून वहीच्या कडा सारख्या करत होत्या. त्यांच्या बॅगेतून पांढरं पाकीट डोकावत होतं. ते राजीनाम्याचं होतं हे मला सांगायला कोणाची गरज नव्हती. उभ्या आयुष्यात एकदा निव्वळ खरं बोललो, आणि ते कसं पटवायचं याची मला अजिबात सवय नाही.

अध्यक्ष म्हणाले, "साधी गोष्ट आहे. ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत त्यांनी आत्ता घरी जाऊन आणावीत. मोजू, म्हणजे प्रश्न मिटला."

कोणी उठेना. मग खुर्ची वाजली. चाचा.

"माझ्याकडे दुसरं आहे आता. आत्ता मिळणार नाही. खून झालाय आणि अजून कोणी सापडलेलं नाही."

लॉजवाला बसल्या जागेवरून म्हणाला, माझं आईकडे आहे, ती दुपारी उशाशी घेऊन झोपते, काढून आणायचं धाडस तुम्ही करा. खलाशाचं पुस्तक लाँचवर, आणि लाँच समुद्रात. गुरुजी म्हणाले, मी आणू शकतो, पण आणणार नाही, माझी टिपणं व्हायची आहेत. बघता बघता अर्धं सभागृह उभं राहिलं आणि प्रत्येक जण पुस्तक का देणार नाही ते सांगायला लागला. वाचनालयाच्या इतिहासात सभासदांनी अध्यक्षांची आज्ञा इतक्या आनंदाने मोडली नसेल.

तेवढ्यात कोणीतरी हक्कसोडीच्या कादंबरीचं नाव काढलं आणि भडका उडाला. गुरुजी म्हणाले, कायद्याने बरोबरीचा वाटा आहे, तिने सही का करावी? चाचा म्हणाले, गुरुजी, आमच्याकडे बहिणीचा हिस्सा कुराणातच लिहिलेला आहे, तरी देताना लोकांचे हात आखडतात, तुम्ही कायद्याचं काय सांगता. एक जण म्हणाला, पण भावाने आईबापाचं केलं ना. चार बाया एकदम त्याच्याकडे वळल्या. तो बसला.

मग मागच्या रांगेतली एक ताई उठली. शाळेत पोषण आहाराचा भात शिजवते. वाचनालयाच्या सभेत तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. माझीपण सही भावाने चहा देऊन घेतली. चहात साखरसुद्धा जास्त घातलीन त्या दिवशी. तेव्हा ही गोष्ट वाचली असती, तर मी काय केलं असतं ते बघतेय."

अध्यक्षांना दोन बहिणी, दोघी मुंबईला. त्यांची बागायत कोणाच्या नावावर आहे ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलेलंही नाही. पण त्यांनी समोरचा ठरावाचा कागद उलटा ठेवला, चष्मा काढला, पुसला, आणि एरवी टेबलाचं माप विचारतात त्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात विचारलं,

"मग शेवटी... ती सही करते का?"

आत्तापर्यंत कावळ्यांसारखी ओरडणारी ती माणसं. चाचांना शेवट माहीत होता, गुरुजींना माहीत होता, निदान डझनभर लोकांना माहीत होता. एकाने तोंड उघडलं नाही. चाचांनी माझ्याकडे बघून मिशीत हसून घेतलं. मला त्या क्षणी छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटल्याचा आवाज आला. बायको म्हणते ते आधीच तुटलेलं होतं.

ताईने पुस्तकाची पिशवी काखेत घट्ट धरली. "वाचा ना, दादा. माझं झालं की घ्या."

"रांगेत बरीच नावं आहेत," बाई वहीतून वर न बघता म्हणाल्या. "अध्यक्षांचं घालू का शेवटी?"

अध्यक्षांनी त्या रिकाम्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "घाला. आणि टेबलं व्हरांड्यात बसतील. मी मोजून ठेवलंय."

टाळ्या इतक्या पडल्या की बंदरावरच्या घारी उडाल्या. बाईंनी ते पांढरं पाकीट बॅगेतून काढलं, मधोमध दुमडलं आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. टेबल स्थिर झालं. दुसऱ्याच आठवड्यात त्या नवी खरेदी करायला गेल्या, आणि पुस्तकं आणली ती आमच्याच रिकाम्या पेट्यांतून, पेंढ्यासकट.

आता मला लोक रस्त्यात थांबवून विचारतात, काका, त्या हक्कसोडीच्या कादंबरीत पुढे काय होतं हो? मी गूढ हसतो आणि सांगत नाही. लोकांना वाटतं, काय हा संयम. खरं असं आहे की चाचांनी हातातून ओढून नेली त्या दिवसापासून ती मला पुन्हा दिसलेलीच नाही. रांगेत माझं नाव अध्यक्षांच्या मागे. परवा त्यांच्या दारात गेलो. ते बाहेर आले, बोट पानात तसंच.

"झाली का वाचून?" मी विचारलं.

"झाली," ते म्हणाले. "पुन्हा वाचतोय. बहिणी येणार आहेत गणपतीला."

आणि दार लावून घेतलंनी.