टोळीचे वाढे

९ फेब्रुवारी. उद्या साताऱ्यात व्यवसाय-योजनांची स्पर्धा, म्हणून आज सांगलीत मुलांची शेवटची तालीम घ्यायची होती. व्यवस्थापनाच्या या मुलांना मी शाश्वत विकास शिकवते आणि सहसंवेदनाही. वेळापत्रकात दोन्ही एकाच तासात कोंबलेत.

पलूसच्या ऊसवाल्या घरातली मुलगी उभी राहिली. योजना नेटकी होती. तोडणीनंतर पडलेले उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, गोळा करायचे आणि आंबवून त्यांचा मुरघास, म्हणजे साठवणीचा चारा, करून गोठ्यांना विकायचा. कच्चा माल फुकट. उद्यापासून तिच्याच शेतात सुरुवात. वडिलांनी तोडणीच्या टोळीला तसं सांगितलंही होतं.

मागून जतकडचा मुलगा म्हणाला, "आन् टोळीच्या बैलांनी काय खायाचं गं? तुझी पीपीटी?"

वर्ग हसला. ती चिडली. "मॅडम, काही वाया घालवू नका, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. वाढे तोडणाऱ्यांचे, हा इथला रिवाज. वर्गात प्रत्येकाला ठाऊक. मांडणीत मात्र ते फुकट झाले.

"फुकट होते, तर टोळीला सांगावं का लागलं?" मी विचारलं.

मग तिथूनच तिने वडिलांना फोन लावला आणि वाढे टोळीलाच राहू द्या म्हणाली.

"काल एक, आज एक," ते करवादले. "मुकादम त्वांड फिरवून गेलाय. लय शिकलीस नव्हं? मग तूच ये आन् सांग टोळीला."

"उद्या साताऱ्याला जायचंय, आप्पा."

"मग ऱ्हाऊ दे."

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. वाढे सोडले तर योजनेत उरतं काय? पाचटाचं खत? ते तर कुणीही करतं. इस्त्री करताना तेच, भाजी चिरताना तेच. शेवटी तिला फोन केला. "उद्या साताऱ्याला सरळ जायचं की पलूसवरून, तू ठरव."

"पलूसवरून," ती म्हणाली. "पण मग स्पर्धेत बोलू काय?"

"मलाही माहीत नाही."

१० फेब्रुवारी. सकाळी गाडी तिच्या शेताच्या बांधाला लावली. टोळी कोयते खाली ठेवून बसली होती. मुलगी एकटीच पुढे गेली. वाढे तुमचेच, म्हणाली.

"आमचंच होतं की, ताई," मुकादम म्हणाला. "देताय कशाला?"

माणसं उठून उसात शिरली. ती परत आल्यावर मी विचारलं, साताऱ्यात मांडायला काही उरलंय का, तिने नकारार्थी मान हलवली. मी साताऱ्याला फोन करून आमच्या गटाचं नाव काढायला सांगितलं, गाडी वळवली आणि सांगलीत येऊन अकराचा तास घेतला.