पिवळ्या पट्ट्यात न मावलेली इम्पाला

माणूस आपली जागा सोडून जातो तेव्हा त्याचा अर्धा जीव तिथेच मागे राहतो. आम्ही माझगाव सोडलं तेव्हा मागे फक्त एक रॉकेलचा डबा राहिला, आणि तोही आईने पुढच्या आठवड्यात मागवून घेतला. उलट आम्ही निघालो ते गरजेपेक्षा अठरा फूट जास्तच घेऊन. पुढे सामानाचा टेम्पो होता. त्यात आई बसली, कारण देव तिच्या मांडीवर होते आणि बाबांच्या वेगावर तिचा विश्वास नव्हता. मागे बाबांची इम्पाला, तिच्यात बाबा, मी आणि गुंडाळलेल्या गाद्या. इमारतीतले तुम्ही सगळे खाली उतरला होतात. कोणीतरी बॉनेटला हार घातला. आम्ही मीरा रोडला चाललो होतो, पण निरोप परदेशी निघाल्यासारखा होता.

तो हार घातलेल्या गाडीचा फोटो परवा आपल्या इमारतीच्या ग्रुपवर आला. बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून कोणीतरी आठवणीने टाकला आणि खाली लिहिलं, 'राजा माणूस, राजेशाही गाडी.' मग माझगावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या विरार-बदलापूरला पांगलेल्यांनी मिळून चाळीस हात जोडले. मी जोडले नाहीत. ती गाडी मी विकायला लावली, हे त्या चाळीस जणांपैकी कोणाला माहीत नाही.

राजेशाहीचं म्हणाल तर बाबा गोदीजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. एक पारशी शेठ कॅनडाला निघाले तेव्हा त्यांची इम्पाला घ्यायला कोणी तयार होईना. आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन, लिटरला चार किलोमीटर. तिकडे अशा दणकट गाड्यांना मसल कार म्हणतात, हे बाबांनी मला सांगितलं होतं. आई तिला 'तुमची म्हैस' म्हणायची. बाबांनी ती जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली. रविवारी ते ती चालू करायचे, इंजिन ऐकायचे आणि बंद करायचे. गोदामाच्या भिंतीला ती वीस वर्षं उभी होती. तुमची पोरं तिच्यावर बसून अभ्यास करायची आणि तुमच्या पापडांना तिच्या टपासारखं ऊन दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

शांती नगरच्या आमच्या सोसायटीत गाड्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत लावायचा नियम होता. जागा दर वर्षी सभेत चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. आमच्या चिठ्ठीत दोन खांबांमधली जागा आली, पंधरा फुटांची. पहिल्या आठवड्यातच समोरच्या बाईंनी बाबांना गाठलं. "अंकल, ये ट्रक कब हटेगा?" बाबा म्हणाले, "ट्रक नहीं, बेटा. ट्रक छोटा होता है." त्या हसल्या नाहीत. मग सेक्रेटरी आले. गुजराती, सज्जन माणूस. कागद नेहमी प्लॅस्टिकच्या पिशवीत. "बेन, रूल एटले रूल," ते मला म्हणाले. "सबके लिए सेम है."

मला तेव्हा फार लाज वाटली. नव्या ठिकाणी आपण कोणाला अडचण होऊ नये, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, एवढीच माझी धडपड होती. सोसायटीचं प्रत्येक परिपत्रक मी अधोरेखित करून वाचायची. ते वाचणारी मी एकटीच आहे, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

बाबांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. एका सकाळी ते पाने घेऊन खाली गेले आणि गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही बंपर काढून वर घेऊन आले. चकचकीत, माणसाएवढे लांब. ते माळ्यावर आईच्या लग्नातल्या पातेल्यांच्या शेजारी ठेवले. मग टेप घेऊन पुन्हा खाली गेले. परत आले तेव्हा नुसते खुर्चीत बसून राहिले.

"किती?" आईने विचारलं.

"अजून दोन फूट बाहेर."

"मग आता काय, डिकी कापता?"

तेव्हा मी म्हणाले की विकू या. हे वाक्य मी किती सहज म्हणाले, ते मला अजून ऐकू येतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू म्हणतेस तर." त्यांनी भांडायला हवं होतं. खरं तर मी भांडायला हवं होतं, सेक्रेटरींशी; पण ते सज्जन होते आणि मी नवी होते.

गाडी घेतली उत्तनजवळच्या पालीतल्या आग्नेलने. त्याच्या घरची होडी होती आणि जोडीला लग्नाला गाड्या द्यायचा धंदा. तो न्यायला येणार त्या दिवशी बाबा पहाटेच उठले, माळ्यावरून बंपर काढले, खाली नेऊन परत बसवले आणि दुपारपर्यंत घासत बसले. मी म्हटलं, तो बसवेल की. बाबा म्हणाले, "उघडी-बोडकी द्यायची नाही." आग्नेलला त्यांनी एकच गोष्ट सांगितली, सकाळी चालू केली की दोन मिनिटं दम खाऊ द्यायचा. गाडी फाटकाबाहेर पडली. त्या रिकाम्या जागेत सेक्रेटरींची स्कूटर आली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आता तरी पिशवी घेऊन भाजीला जाल का?" आणि बाबा गेले. त्यानंतर रोज गेले. मला तेच जास्त लागलं.

पुढे सोसायटीत मोठमोठ्या एसयूव्ही आल्या. त्या पट्ट्यांच्या बाहेर हातभर असतात, एक तर तिरपी असते. कोणी काही म्हणत नाही. कुंड्या हटवून मागे मोकळं पार्किंग केलं आहे. तिथे दोन इम्पाला मावतील. नियम कधी गेला, ते परिपत्रकात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आग्नेल पत्रिका घेऊन आला. मुलीचं लग्न. "गाडी तुमचीच हाय, काका. तुमाला याया लागंल." मी मनात ठरवून गेले होते की गाडी परत मागायची. बाबा अठ्ठ्याहत्तरचे होते, मान वळत नव्हती, पण मागच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून रविवारी इंजिन ऐकता आलं असतं. एवढंच परत करायचं होतं मला.

पालीच्या गल्ल्या दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीने माघार घ्यावी अशा. नवरीला दारातून बसवायचं म्हणून गाडी थेट आत आणली होती, फुलं लावून. आता ती मागे निघेना. आग्नेलच्या मेहुण्याने तीनदा प्रयत्न केला आणि एका ओट्याचा कोपरा उडवला. नवरी पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून उन्हात उभी, चर्चमधून फोनवर फोन.

"तुमी काढा, काका," आग्नेल म्हणाला.

"म्हाताऱ्याला कं बसवतं रं?" मागून एक बाई ओरडल्या. "भिंती पारंल!"

बाबांनी काठी माझ्या हातात दिली आणि आत बसले. मी बाजूने "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत चालले. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी गल्ली त्यांनी नुसत्या आरशांत बघत एका दमात मागे घेतली, डांबरी रस्त्यापर्यंत. भिंतींवर एक ओरखडा नाही. त्याच बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग उतरून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत एक लहानसं डिझेल इंजिन होतं, टेम्पोचं. मोठ्या पातेल्यात मूठभर भात उरावा तसं.

"जुना भंगारात गेला, काका," आग्नेल ओशाळून म्हणाला. "पेट्रोल परवडत न्हाय. वरात न्यायची का पंपावरच उभी ठेवायची?"

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढून हलकी लागली, तेव्हाच कळलं."

चर्च आटोपून जेवणाच्या मांडवात मी तरीही विचारलं. आग्नेल चांगला माणूस. "काकांना पायजे तर न्या, सीझन झाला का." बाबांनी मधेच हात केला. "नको. त्याची चालती गाडी आहे. आपल्याकडे नुसती उभी राहील." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "राहू दे गं."

माफ केलं, की विषय संपवला? मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीला रिक्षात बसल्यावर मात्र एक गोष्ट झाली, आणि तुम्हाला ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहिलं. एवढ्या वर्षांत बाबांनी मीरा रोडच्या जागेला कधी घर म्हटलं नव्हतं. 'तिकडे' म्हणायचे, 'वर' म्हणायचे, कोणी पाहुणे आले तर 'हिच्याकडे'. त्या दिवशी ते रिक्षावाल्याला म्हणाले, "शांती नगर. जल्दी." आणि मला म्हणाले, "चल, घरी जाऊ." मी तोंड बाहेर फिरवलं. उत्तनपासून मीरा रोडपर्यंत मी हाच विचार करत होते की माणसाकडे परत जाण्यासारखं काहीच उरत नाही, तेव्हा कुठे नवी जागा त्याचं घर होते.

घरी पोचल्यावर बाबा चपला न काढता थेट संडासात गेले. लग्नात त्यांनी सरबताचे चार ग्लास घेतले होते.