चाकं आधी

कुवेतमधल्या सगळ्या धुळीशी एकट्यानं वैर धरलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी आणि बहिणीला ताई म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. मूळचे सांगलीकडचे, राहायचे फहाहीलला आणि एका तेल कंपनीत मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळायचे. पण ते झालं पोटापाण्याचं. त्यांचं खरं काम शुक्रवारी सकाळी सुरू व्हायचं, इमारतीमागच्या शेडखाली, दोन बादल्या आणि एक बुटकं स्टूल घेऊन. समोर त्यांची काळी सेडान. ज्या देशात उन्हाळाभर हवेतून रेती चाळली जाते तिथे काळी गाडी घेणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा हट्टी. दाजी अजाण नव्हते.

दोन बादल्यांपैकी लाल चाकांची आणि निळी अंगाची. एकीचा फडका चुकून दुसरीत पडला तर तो सरळ कचऱ्यात जायचा. सगळं जग गाडी धुताना टपापासून सुरुवात करतं, दाजी चाकांपासून करायचे. चाकांवर ब्रेकची काळी भुकटी साचते, ती धुताना उडते आणि आधी धुतलेलं अंग पुन्हा घाण होतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. पहिल्यांदा मी, "काय फरक पडतो दाजी?" असं बोलून गेलो होतो. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "पाव्हणं, तुम्ही आंघोळ करून मग चपला घासता का?" तेव्हापासून मी चर्चेत पडत नाही.

पण चाकांना लगेच पाणी लावायचं नाही. गाडी चालून आली की चाक तापलेलं असतं, त्यावर धुवायचं औषध ओतलं की डाग कायमचा, म्हणून आधी तळहाताची मागची बाजू चाकाला लावून बघायची, लहान मुलाचा ताप बघतात तशी. एकदा आम्ही सुट्टीच्या दिवशी हवल्लीच्या आमच्या घरून त्यांच्याकडे जेवायला गेलो. आमची गाडी त्यांच्या गाडीशेजारी उभी राहिली आणि माझी मळकी चाकं बघून दाजींच्या घशाखाली घास उतरेना. म्हणजे घास अजून वाढलाही नव्हता. ते खाली येऊन माझ्या चाकाला हात लावून उभे राहिले. वरून ताईंनी हाक मारली, "अहो, रस्सा गार होतोय." दाजी खालूनच म्हणाले, "हितं चाक अजून गरम हाय." त्या दिवशी आम्ही चारही चाकं धुऊन साडेतीनला जेवलो.

त्यांची आयुधं सगळी घरातली. नटांच्या खाचांसाठी जुना दाढीचा ब्रश, बारीक फटींसाठी दात घासायचे ब्रश आणि शेवटी मेण चढवल्यावर चमक काढायला वडिलांच्या धोतराचा तुकडा. बाजारातलं परदेशी कापड त्यांनी आणून पाहिलं होतं, पण शंभर वेळा धुतलेल्या धोतराचा मऊपणा त्याला नाही असा त्यांचा निकाल होता. मेण चढवताना त्यांचा हात इतका हलका चालायचा की ताई एकदा बायकोला म्हणाल्या, "लग्नात मला कुंकू लावताना सुद्धा एवढं जपलं नव्हतं गं." दाजींनी ऐकलं आणि मेणाची डबी बंद करता करता म्हणाले, "तवा सराव नव्हता." मग पेलाभर पाणी बॉनेटवर शिंपडून आम्हा सगळ्यांना बोलावलं जायचं. पाण्याचे गोल थेंब टपटप घरंगळत जायचे आणि आम्ही ते कौतुकानं बघायचो. न बघून सांगता कोणाला?

आमच्या हवल्लीच्या इमारतीत पहाटे एक भला माणूस एकच बादली आणि एकच फडका घेऊन सगळ्यांच्या गाड्या पुसतो. त्या बादलीतल्या पाण्याला दाजी 'चाळीस गाड्यांचं तीर्थ' म्हणायचे, आणि मी ते घेणारा भक्त म्हणून माझ्याकडे जरा दयेनं बघायचे.

अशा माझ्या हातात त्यांनी एकदा किल्ली दिली. महिनाभर सांगलीला रजेवर चालले होते. गाडी अधूनमधून चालवा आणि परतताना विमानतळावर आणा, एवढंच काम. "धूळ बसली तर बसू दे, पाव्हणं. बसलेली चालते, पुसलेली चालत नाही," असं दोनदा बजावून गेले. ते यायच्या आदल्या दिवशी धुळीचं वादळ झालं. काळी गाडी पार खाकी झाली. थकूनभागून येणारा माणूस हिला अशी बघणार, हे माझ्यानं बघवेना. मी स्वच्छ धुतलेला बनियन घेतला आणि अर्धा तास घाम गाळून बॉनेट कोरडंच घासून पुसलं. विमानतळाबाहेर उन्हात गाडी उभी होती. दाजी समोर आले आणि थांबले. रेतीनं ओढलेले बारीक गोल गोल ओरखडे उन्हात सगळीकडे चमकत होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "कष्ट घेतले पाव्हणं." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते ओरखडे पॉलिशनं काढणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता, पण त्यांनी ते कधीच काढले नाहीत. ताईंनी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. अर्धा तास घालवलाय त्यांनी त्याच्यावर."

गेल्या वर्षी दाजी निवृत्त झाले. ताई आधीच सांगलीला घर लावायला गेल्या होत्या. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द व्हायची तारीख ठरली, तिकीट आलं, सामान गेलं आणि गाडी राहिली. तिला चांगल्या हाती दिल्याशिवाय दाजींचा पाय निघणार नव्हता, आणि हात काही मिळेना. एकानं आल्या आल्या टायरला लाथ मारून बघितली, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसऱ्यानं शर्टाच्या बाहीनं आरसा पुसला. शेवटचे चार दिवस उरले तेव्हा त्यांचं जेवणावरून मन उडालेलं बघून मी म्हणालो, "दाजी, मी घेतो." त्यांनी माझ्या गाडीच्या चाकांकडे बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मन चांगलं हाय तुमचं, पाव्हणं." विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी फहाहीलच्या बाजारात शिवणकामाचं दुकान चालवणारे रत्नागिरीकडचे एक पोक्त चाचा आले. गाडी नुकतीच फिरवून आणली होती. त्यांनी इंजिन बघितलं नाही, एसी लावायला सांगितला नाही. ते उकिडवे बसले आणि हात उलटा करून चाकाला लावला. दाजी माझ्याकडे बघायला लागले. मग चाचांनी वाकून बॉनेट तिरप्या उजेडात बघितलं आणि विचारलं, "ही सुक्या फडक्यानं कोणी पुसलीन?"

मी खाली बघितलं. दाजी म्हणाले, "घरच्या माणसानं. मायेनं."

"मायेनंच होतं असं," चाचा म्हणाले.

दाजी आत गेले आणि दोन्ही बादल्या, दाढीचा ब्रश आणि धोतराचा तुकडा घेऊन आले. "लाल चाकांची," एवढं सांगून त्यांनी बादली पुढे केली. चाचांनी मान डोलावली. "चाकां आधी," ते म्हणाले. दाजी तिसऱ्या दिवशी विमानात बसले.

परवा शुक्रवारी, वादळानंतर, मी फहाहीलला गेलो होतो. बाजारातल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. बंद दुकानासमोर दाजींची गाडी दिसली, टपापासून खालपर्यंत धुळीनं भरलेली, आणि खाली चारही चाकं लखलखीत. मी तिथूनच सांगलीला फोन लावून चाकांचं सांगितलं.

"अंग राहिलंय?" दाजींनी विचारलं.

"राहिलंय."

"शुक्रवार हाय. नमाजाला गेले असतील," ते म्हणाले. "येऊन करतील."

फोन ठेवल्यावर मला त्यांची फार आठवण आली. घरी पोचलो, गाडी सावलीत लावली आणि वर जाण्याआधी वाकून उलटा हात चाकाला लावला. चाक अजून गरम होतं. मी तिथेच थांबून राहिलो.