थकलेली जागल

बोरी अरबचा राजदीप ऑटोवाला दर भीमजयंतीला रक्तदानासाठी अख्खी वस्ती गोळा करायचा आणि स्वतः सुई दिसली की चहा सांगायला पळायचा. गेल्या वर्षी त्याची बायको ममता चारचौघांत म्हणाली, "लोकायले खाटेवर झोपोता, मंग तुमालेच काहून भेव वाटते?" मग बिचारा निमूटपणे खाटेवर आडवा झाला.

दहा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. यवतमाळला पुढच्या तपासण्या झाल्या आणि कळलं, हेपॅटायटिस बी, बहुधा लहानपणापासूनचा. राजदीपनं रिपोर्टवर बोट ठेवलं. "मॅडम, पांढऱ्या पेशी तं नॉर्मल लिवल्या हायेत!"

"मोजायला नॉर्मलच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वावरात रानडुकरांसाठी रात्रीची जागल करतात ना? एकाच माणसाला वर्षानुवर्षं मचाणावर बसवलं तर डुक्कर दिसूनही त्याचा हात उठत नाही. या विषाणूशी लढणाऱ्या तुमच्या पेशी तशा दमल्यात, म्हणून तो यकृतात ठाण मांडून बसलाय. तुम्हाला आज औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासणी करा. पण हा नवऱ्याकडून बायकोला होऊ शकतो, तिला याच आठवड्यात आणा. तिला लागण नसेल तर लस देऊ, म्हणजे ती सुटली."

इथंच राजदीपचं घोडं अडलं. ममता शाळेत खिचडी शिजवायची. हा रोग जेवणातून पसरत नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण वस्तीच्या तोंडाला कोण हात लावणार? बातमी फुटली की तिची शाळेतली चूल बंद. आणि ममतानं विचारलं, कुठून आणला हा रोग, तर? आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं वर्ष काढलं. रोज रात्री तो रिपोर्टातला 'नॉर्मल' हा एक शब्द वाचायचा आणि मनाची समजूत घालायचा. भित्रा माणूस! ममतावर त्याचा जीव होता, हेही तितकंच खरं.

यंदाच्या जयंतीला माईकवरून पहिलं नाव त्याचंच पुकारलं.

"मले ताप हाय," तो पुटपुटला.

"मंग मी देतो," म्हणत ममता खाटेवर जाऊन झोपलीही. तिला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिच्या दंडाला पट्टा आवळला गेला आणि राजदीपला एकदम हलकं वाटलं. आता तपासणी आपोआप होईल, आपल्याला बोलावं लागणार नाही! दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. तरी तो चहा सांगायला वळला.

नवव्या दिवशी ममताचा फोन वाजला. बोलून झाल्यावर ती पदराला हात पुसत ऑटोपाशी आली.

"रक्तपेढीत बलावलं मले. रिपोर्टात काहीतरी हाय म्हंते." मग त्याचा चेहरा बघून तीच त्याला धीर द्यायला लागली, "तुमी कायले घाबरता? सुरुवातीलेच सापडलं तं औषध असतेच ना."