मागून मारलेली हाक

आधी इक्काचं सांगतो. तो नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. इक्का आमच्या कंपनीची व्हॅन चालवतो, मूळचा केरळचा. त्याच्याकडे मोठ्या भावाला इक्का म्हणतात. आमच्या कामगारांच्या कॅम्पात सगळेच त्याला इक्का म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी तिथल्या मेसमध्ये. कांदा चिरणं, भात, भांडी. माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. मस्कतला येऊन वर्ष होत आलं होतं, तरी मी कॅम्पाच्या फाटकातून एकटा कधी बाहेर पडलो नव्हतो. रस्ता चुकला तर, कार्ड हरवलं तर, कुणी अरबीत काही विचारलं तर, अशी सतत धास्ती. शुक्रवारी सुट्टी असते आणि शुक्रवारी इक्का झोपतो, आठवड्यात तेवढीच त्याची झोप. ती सोडून एका शुक्रवारी तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला.

"उठ रे. राजधानी में रहता है, राजधानी देखा नहीं. घर जाके क्या बोलेगा, प्याज देखा?"

घरी काय बोलायचं, हाच तर माझा प्रश्न होता. पण तो राजधानी बघण्याचा नव्हता.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. एका वादळात ती बोट उलटली. बोट मिळाली, बरोबरची माणसं एकेक करून किनाऱ्याला लागली, वडील लागले नाहीत. मग बंदरावर कुणीतरी बोललं, की पूर्वी कुठला तरी एक खलाशी असाच वाहत गेला होता, परक्या बोटीने त्याला उचललं आणि ओमानला नेऊन सोडलं. कोण तो, कुठल्या गावचा, ते कुणालाच सांगता येईना. आईला तेवढं पुरलं. ती कुंकू लावत राहिली. सर्वपित्रीला परसात आजोबांसाठी पान वाढून ठेवतात, त्याच्या शेजारी वडिलांचं पान वाढायचं की नाही यावरून दर वर्षी आत्या आणि आई भांडायच्या.

"माझा भाऊस उपाशी फिरतोय गो," आत्या म्हणायची.

"जित्या माणसाचं पान वाढू? जीभ झडंल तुझी."

मी निघालो तेव्हा आईने डबा बांधता बांधता विचारलं, "त्याच बाजूला ना रे ओमान? मग बघ हां जरा." पुढे प्रत्येक फोनवर तिचा पहिला प्रश्न एकच, "काय काय बघितलंस?" मी म्हणायचो, काही नाही गो, काम असतं. ती म्हणायची, बरं.

त्या शुक्रवारी इक्काने मला सुलतानाचा महाल दाखवला. निळे आणि सोनेरी खांब, समोर एवढी स्वच्छ फरशी की चप्पल काढावीशी वाटली. मग मोठी मशीद, तीही बाहेरूनच, कारण शुक्रवारी माझ्यासारख्या परधर्मीयांना आत सोडत नाहीत. इक्का फोटो काढत होता. "हस ना, पासपोर्ट का फोटो है क्या?" मी हसलो. त्या फोटोत मी बाजूला कुठेतरी बघतोय.

नमाज आटोपून आल्यावर तो मला मत्रहच्या बंदराकडे घेऊन गेला. एका बाजूला उघडे काळे डोंगर, एका बाजूला समुद्र, मध्ये किनाऱ्याने बांधलेला रस्ता. मासळीबाजार उन्हं चढल्यावर सामसूम झाला होता, पण वास होता. तो वास मी वर्षभर घेतला नव्हता. इक्का चहा आणायला गेला आणि मी कठड्यापाशी थांबलो.

खाली होड्या ओढून ठेवल्या होत्या. एका होडीच्या सावलीत एक म्हातारा माझ्याकडे पाठ करून जाळं दुरुस्त करत होता. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं. तसं सगळेच धरतात. पण मध्येच त्याने टोपी मागे सारली आणि सुई केसांतून फिरवली. केसांचं तेल लागलं की सुई गाठीतून सरसर जाते, असं माझे वडील म्हणायचे. आई चिडायची, म्हणायची, आधी डोक्याला तेल लावा तरी. त्या म्हाताऱ्याचा डावा खांदाही वडिलांसारखाच थोडा खाली होता.

मी खाली उतरलो. तेवढ्यात तो उठला, जाळ्याचा गठ्ठा त्याच खांद्यावर टाकला आणि होड्यांमधून पाण्याच्या दिशेने चालू लागला.

मला हाक मारायची होती. पण समुद्राकडे निघालेल्या माणसाला आमच्यात मागून हाक मारत नाहीत. मारली तर तो परत येत नाही, असं मी कळत्या वयापासून ऐकत आलोय. शेवटच्या दिवशी वडील तंबाखूची चंची ओट्यावर विसरून गेले होते. मी ती घेऊन पाखाडीच्या, म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडापर्यंत धावलो. ते थोडंच पुढे होते, एका हाकेवर. मी हाक मारली नाही. चंची मुठीत धरून ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. हाक मारली नाही, तरी ते आले नाहीत.

आणि आता परक्या देशात तीच पाठ, आणि मी तसाच तिच्या मागे. वाळूत पाय रुततायत, तोंड उघडतंय, आवाज नाही. धावून पुढे जाऊन तोंड बघावं, तर तेही पायांना जमेना. खरं सांगायचं तर बघायची भीती वाटत होती. पाठ होती तोवर ते वडील होते.

मागून इक्काचा आवाज आला. दोन हातांत चहाचे पेले, आणि तो घसा फाटेस्तोवर ओरडला, "ओ चाचा! रुको!"

मी जाऊन त्याचं तोंड दाबणार होतो. म्हातारा थांबला आणि वळला.

पांढरी दाढी, बारीक डोळे. माझे वडील नव्हते.

इक्का धापा टाकत आला. "कबसे देखता मैं, तू उसके पीछे जाता, रोता. कौन है?" मी कसंबसं सांगितलं. हिंदी माझी मोडकी. म्हातारा बलुची होता, त्याला हिंदी कळत होती. तो जवळ आला. त्याने टोपी काढली, गठ्ठा खाली ठेवला, आणि तोंड उन्हाकडे करून उभा राहिला.

"ठीक से देख लो, बेटा," तो म्हणाला. "पहले भी आए हैं तुम्हारे जैसे. देख के जाओ, नहीं तो नींद नहीं आएगी."

मी बघितलं. तो हलला नाही. मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खोबरेल तेलाचा वास होता.

संध्याकाळी फोन लागला. "काय काय बघितलंस?"

"महाल बघितला, आये. मशीद बघितली. बंदरावर एक माणूस जाळं शिवत होता."

ती म्हणाली, "केसांत सुई घालत होता?"

"हो."

"आणि तोंड?"

"दुसऱ्याचं."

तिने विचारलं, "तू हाक मारलीस?"

"मी नाही. इक्काने."

"मग बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या सर्वपित्रीला आत्याने कळवलं, की आजोबांच्या पानाशेजारी आईने दुसरं पान वाढलं, कुणी न सांगता. कावळा शिवला का, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. कुंकू आई अजून लावते. आणि मी इथे कॅम्पाच्या बाहेर पडलो की अजून माणसांच्या पाठी बघत चालतो. डावा खांदा खाली असलेली माणसं किती असतात, ते त्याआधी माहीत नव्हतं.

इक्काला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे त्याला हिंदी करून मीच ऐकवणार. इक्का, तुझी एक अख्खी झोप माझ्याकडे आहे, आणि जी हाक मला मारता येत नव्हती, तीही तू मारलीस. एक दिवस तुला रत्नागिरीला नेईन. आमच्याकडेही एक राजवाडा आहे, परमुलखातून आणून ठेवलेल्या राजाचा, जो कधी घरी परतला नाही. तो दाखवीन, मांडवीच्या जेट्टीवर बसवून चहा पाजीन. आणि तुझ्या कुणाला मागून हाक मारायची वेळ आली, आणि तुझ्या तोंडून आवाज फुटला नाही, तर ती मी मारीन. आता मला मारता येईल.